लॅपटॉप बिघडला: कंपनीकडे द्यावा की ओळखीच्या दुकानात?

लॅपटॉप बंद पडला की घरात लगेच दोन मतं तयार होतात. एक म्हणतं, "कंपनीत टाका, वॉरंटी कशाला घेतली मग?" दुसरं म्हणतं, "कंपनीवाले फिरवत बसतील, चौकातल्या दादाकडे द्या, संध्याकाळपर्यंत मिळेल." दोन्ही मतं बरोबर ठरू शकतात आणि दोन्ही महागात पडू शकतात. कंपनी चांगली की दुकान चांगलं, हा प्रश्न नंतरचा आहे. त्याआधी तीन गोष्टी पाहायच्या: वॉरंटी नेमकी कशावर आणि कधीपर्यंत आहे, बिघाड कोणत्या प्रकारचा आहे, आणि मशीनमधला डेटा किती मोलाचा आहे. हे ठरायच्या आधी कुणी स्क्रू ड्रायव्हर लावला, तर कंपनीचा रस्ता तुमच्यासाठी बंद होऊ शकतो. म्हणून हा लेख पायरी-पायरीने वाचा, आणि लॅपटॉप पिशवीत घालायच्या आधी वाचा.

ऑफिसने दिलेला लॅपटॉप असेल तर यातलं काहीच करू नका. ऑफिसच्या आयटी विभागाला कळवा आणि हात लावू नका.

पायरी १: बिल आणि सिरियल नंबर शोधा

लॅपटॉप उलटा करा. मागच्या बाजूला सिरियल नंबर छापलेला असतो. डेलच्या मशीनवर त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात आणि तो सात अक्षर-अंकांचा असतो. अक्षरं पुसली असतील तर खोक्यावरच्या स्टिकरवर तोच नंबर मिळतो, बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जच्या, पहिल्या पानावरही दिसतो. या नंबराचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर 'वॉरंटी चेक'मध्ये हा नंबर टाका. इथे बरेच जण एका गोष्टीने गोंधळतात. बिल मार्चचं असतं आणि संकेतस्थळ सांगतं की वॉरंटी डिसेंबरमध्येच सुरू झाली. कंपनीच्या नोंदीत पुष्कळदा माल कारखान्यातून किंवा गोदामातून निघाल्याची तारीख असते. बिलाची प्रत पाठवली की ही तारीख दुरुस्त करून मिळते. मात्र बिल हवं, आणि त्यावर सिरियल नंबर असेल तर काम फार सोपं होतं. ऑनलाइन घेतला असेल तर खात्यातून बिलाची पीडीएफ आजच उतरवून ईमेलवर ठेवा.

वॉरंटीचा प्रकारही त्याच पानावर वाचा. 'ऑनसाइट' म्हणजे इंजिनिअर घरी येतो, 'कॅरी-इन' म्हणजे मशीन तुम्ही सर्व्हिस सेंटरला न्यायचं. पुण्या-मुंबईत हा फरक एका रिक्षाच्या भाड्याचा असेल, पण गडचिरोलीहून नागपूर किंवा देवगडहून कोल्हापूर गाठणाऱ्या माणसाचा अख्खा दिवस त्यात जातो. नवीन लॅपटॉप घेणाऱ्यांनी तर खरेदीआधीच आपला पिन कोड सांगून 'इथे ऑनसाइट मिळतं का' हे कंपनीला विचारून घ्यावं. प्रोसेसर आणि रॅमची चौकशी आपण तासभर करतो, ही एक मात्र राहून जाते. आणि 'नेक्स्ट बिझनेस डे' असं लिहिलेलं असलं तरी तो दिवस फोनवरून निदान झाल्यानंतर आणि पार्ट उपलब्ध असल्यावर मोजला जातो, हे ध्यानात ठेवा.

बॅटरीचं खातं वेगळं. लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची असली तरी बॅटरीला सहसा एकच वर्ष मिळतं. पडणं, चेपणं, पाणी सांडणं हे साध्या वॉरंटीत धरत नाहीत. त्यासाठी 'अ‍ॅक्सिडेंटल डॅमेज'चं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. तुम्ही ते घेतलं आहे का, हे बिलावर किंवा वॉरंटीच्या पानावर आत्ताच तपासा. पुढचे निम्मे निर्णय त्यावर ठरतील.

पायरी २: डेटा वाचवा आणि एक किल्ली लिहून ठेवा

या पायरीबद्दल मी आग्रही आहे, कारण पैसे परत मिळतात, मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो परत मिळत नाहीत. कोणत्याही कंपनीची वॉरंटी तुमच्या डेटावर नसते. सर्व्हिस सेंटरच्या कागदावर तसं छापलेलंच असतं आणि आपण त्याखाली सही करतो. ड्राइव्ह, म्हणजे डेटा साठवणारा भाग, खराब निघाला तर ते नवा बसवतात आणि जुना सहसा कंपनीकडेच जमा होतो. तुमचे फोटो, पीएचडीचा प्रबंध, दुकानाचा टॅली बॅकअप, सगळं त्यासोबत गेलं.

तेव्हा मशीन अजून चालू होत असेल तर सगळ्यात आधी बॅकअप घ्या. एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घ्या, आणि अगदीच गरजेचं तेवढं गूगल ड्राइव्हवर किंवा वनड्राइव्हवरही टाका. मशीन मधूनच बंद पडत असेल तर आधी लहान पण महत्त्वाच्या फायली उचला, सिनेमे नंतर.

दुसरी गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे ड्राइव्हला कुलूप घालणाऱ्या विंडोजमधल्या एन्क्रिप्शनची. हल्लीच्या विंडोज ११ लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ड्राइव्हचं एन्क्रिप्शन पुष्कळदा आपोआप सुरू होतं. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'च्या खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' दिसेल. ते चालू असेल आणि मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, बदलला गेला, तर लॅपटॉप निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागतो, कारण एन्क्रिप्शनची सुरक्षा करणारी टीपीएम चिप जुन्या बोर्डाबरोबर निघून गेलेली असते. ती की नसेल तर इंजिनिअरही काही करू शकत नाही, कंपनीही नाही. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडा, आपल्या डिव्हाइसच्या नोंदीत ही की शोधा आणि कागदावर उतरवून घ्या. मशीन मेलेलं असलं तरी हे काम मोबाइलवर होतं.

मॅकबुक असेल तर आणखी जपायला हवं. नव्या मॅकमध्ये स्टोरेज बोर्डावरच असतं आणि त्या बोर्डाशीच बांधलेलं असतं. बोर्ड बदलला की डेटा गेला असंच धरा. सर्व्हिसला देण्याआधी सहसा 'फाइंड माय', म्हणजे हरवलेलं मशीन शोधायची सोय, बंद करायला सांगतात, त्यासाठी अ‍ॅपल अकाउंटचा पासवर्ड तुमच्याकडे हवा.

ड्राइव्हच मरायला टेकला आहे आणि बॅकअप नाही, अशी वेळ आली असेल तर वॉरंटी विसरून आधी डेटाचा विचार करा. वापर थांबवा. पुनःपुन्हा चालू करून पाहू नका, विंडोज नव्याने टाकू नका. 'फॉरमॅट मारून बघू' म्हणणाऱ्याच्या हातून मशीन परत घ्या. एसएसडीवर, म्हणजे हल्लीच्या चिपवाल्या ड्राइव्हवर, एकदा पुसलं गेलेलं परत आणणं जुन्या हार्ड डिस्कपेक्षा खूप अवघड असतं. डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे ड्राइव्ह देण्याआधी वॉरंटीवर काय परिणाम होईल हे कंपनीला ईमेलवर विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी ड्राइव्हची किंमत आणि डेटाची किंमत समोरासमोर ठेवून ठरवा.

पायरी ३: बिघाड कुठे आहे ते घरच्या घरी पाहा

इंजिनिअर व्हायची गरज नाही. उपकरण न उघडता एवढं करा.

चालूच होत नसेल तर चार्जर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून पुन्हा चालू करा. पुष्कळ 'मेलेले' लॅपटॉप एवढ्याने उठतात. त्याच मॉडेलचा दुसरा चार्जर कुणाकडे असेल तर तोही लावून पाहा. चार्जर गेलेला असताना मदरबोर्डचे पैसे मोजणारे लोक आहेत.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी राहते? एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं तर बोर्ड बहुधा ठीक आहे, दोष पॅनलमध्ये, म्हणजे स्क्रीनमध्येच, किंवा त्याच्या केबलमध्ये आहे. झाकण मागेपुढे करताना चित्र येत-जात असेल तर केबलवर संशय घ्या. ती पॅनलपेक्षा पुष्कळ स्वस्त असते. कीबोर्डच्या दोन-चार कळा चालत नसतील तर यूएसबी कीबोर्ड लावून पाहा, म्हणजे दोष कीबोर्डचा की विंडोजचा ते कळेल.

कंपन्यांनी मशीनमध्येच तपासणीची सोय दिलेली असते. डेलमध्ये चालू करताना एफ१२ दाबून 'डायग्नोस्टिक्स' निवडा, एचपीमध्ये एफ२ दाबा. तपासणीत दोष सापडला तर पडद्यावर एक कोड येतो. त्याचा फोटो काढा. कंपनीच्या फोनवर हा कोड सांगितला की 'सर, विंडोज परत टाकून बघा' हा तासाभराचा टप्पा टळतो. आणि काम दुकानात द्यायचं ठरलं, तरी हा फोटो दाखवणाऱ्या गिऱ्हाइकाशी दुकानदार जपून बोलतो.

पायरी ४: आता ठरवा

वॉरंटी शिल्लक आहे आणि दोष आपोआप आलेला आहे, म्हणजे पडलं नाही, भिजलं नाही, तर प्रश्नच नाही. कंपनीकडे द्या. वेळ लागला तरी कंपनीकडेच द्या. "साहेब, दोन मिनिटांत उघडून बघतो, वॉरंटी कुठे जात नाही" असं कुणी म्हटलं तरी उघडू देऊ नका. नुसतं मागचं झाकण उघडल्याने वॉरंटी संपतेच असं नाही. अनेक कंपन्या रॅम किंवा एसएसडी ग्राहकाला स्वतः बदलू देतात आणि त्याची मॅन्युअलं उघडपणे संकेतस्थळावर ठेवतात. पण उघडताना एखादी क्लिप तुटली, स्क्रू घासला, केबल ओढली गेली, तर ते 'ग्राहकाकडून झालेलं नुकसान' म्हणून लिहिलं जातं, आणि तिथून पुढे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं.

वॉरंटी संपायला चार दिवस असतील आणि दोष तेव्हा दिसला, तर त्याच दिवशी तक्रार नोंदवा. दुरुस्ती नंतर झाली तरी चालेल, तक्रारीची तारीख वॉरंटीतली हवी. फोनवर नोंदवली तरी मागोमाग ईमेल करा.

वॉरंटी संपल्यावरचं चित्र वेगळं आहे, आणि इथे मी बहुतेक वेळा चांगल्या स्थानिक दुकानाच्या बाजूने आहे. यामागे कारण आहे. कंपनीचं सर्व्हिस सेंटर पार्ट बदलतं, दुरुस्त करत नाही. बोर्डावरचा एक लहानसा पॉवर आयसी, म्हणजे वीजपुरवठा सांभाळणारी चिप, जळाला तरी तिथे पूर्ण बोर्ड बदलायचा भाव येतो, आणि तो भाव जुन्या मशीनच्या बाजारभावापेक्षाही जास्त असू शकतो. याच बोर्डावर चिप लेव्हल काम करणारा कारागीर तेवढाच आयसी बदलतो. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, असं काम करणाऱ्यांची दाटी आहे, आणि आता तालुक्याच्या गावांतही चांगले हात सापडतात.

बिघाडाप्रमाणे माझं मत सांगतो.

स्क्रीन फुटली असेल आणि अपघाताचं संरक्षण नसेल, तर दुकान. पॅनल बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत, बीओई, एयूओ, एलजी डिस्प्ले, इनोलक्स वगैरे, आणि लॅपटॉप कंपन्याही त्यांच्याकडूनच घेतात. पॅनलच्या पाठीवर मॉडेल नंबर असतो, तोच नंबर मागा. तो मिळत नसेल तर रिझोल्यूशन, पॅनलचा प्रकार आयपीएस की टीएन, चित्र बदलायचा वेग ६० हर्ट्झ की १४४, आणि कनेक्टर ३० पिनचा की ४० पिनचा, हे चारही जुळले पाहिजेत. स्वस्तातलं पॅनल बसवून रंग फिके पडले की रोज डोळ्यांना खुपतं. टचस्क्रीन किंवा मॅकबुक असेल तर कंपनीचा भावही घ्या. तिथे दुकानाचा फायदा कमी होतो आणि जोखीम वाढते.

बॅटरी शक्यतो कंपनीचीच घ्या, मग ती सर्व्हिस सेंटरमधून असो की अधिकृत विक्रेत्याकडून. इथे पैसे वाचवू नका. लिथियमच्या स्वस्त बॅटरीत आग लागायचा धोका खरा आहे. भारतात लॅपटॉपच्या बॅटरीला आणि अडॅप्टरला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. बॅटरीवर आयएस १६०४६ आणि अडॅप्टरवर सहसा आयएस १३२५२ हा क्रमांक मानचिन्हासोबत असतो. मानचिन्हच नसेल तर घेऊ नका. टचपॅड वर उचलला गेलाय, झाकण नीट बसत नाही, असं दिसलं तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जर काढा, वापर थांबवा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, कुरिअरनेही पाठवू नका. वॉरंटीत असो वा नसो, आधी कंपनीला कळवा.

बिजागरी, म्हणजे हिंज, हा भारतातल्या स्वस्त लॅपटॉपचा जुनाट आजार. झाकणाच्या आतला प्लास्टिकचा खुंट तुटतो आणि पॅनलची कड उघडते. कंपनी याला बऱ्याचदा 'फिजिकल डॅमेज' ठरवते. म्हणून झाकण घट्ट व्हायला लागलं, कट्-कट् आवाज यायला लागला, की तुटायची वाट न पाहता वॉरंटीतच तक्रार करा. बाहेरून कुठेही मार नसल्याचे फोटो सोबत जोडा. वॉरंटीबाहेर असेल तर दुकानात. मात्र एमसीलने चिकटवून देणाऱ्यापेक्षा नवीन झाकण किंवा बेस मागवून बसवणारा शोधा. चिकटवलेलं काही महिन्यांत पुन्हा सुटतं आणि सुटताना स्क्रीनची केबल घेऊन जातं.

पाणी किंवा चहा सांडला तर घड्याळाकडे बघा, वॉरंटीकडे नाही. पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा, चार्जर काढा आणि पुन्हा चालू करू नका. 'बघू तरी चालतोय का' या एका दाबण्याने जास्त नुकसान होतं, कारण ओल्या बोर्डातून वीज गेली की तांब्याच्या रेषा झपाट्याने गंजायला लागतात. हेअर ड्रायरने पाणी आत ढकललं जातं. तांदळाच्या डब्यात ठेवून चहातली साखर आणि दूध निघत नाही. अपघाताचं संरक्षण असेल तर लगेच कंपनीला फोन करा आणि कुणाला उघडू देऊ नका. संरक्षण नसेल, तर साध्या वॉरंटीत हे बसणार नाहीच. आतल्या बाजूला पुष्कळदा ओल लागली की रंग बदलणाऱ्या खुणा लावलेल्या असतात, सांगितलं नाही तरी कळतं. मग त्याच दिवशी चांगल्या दुकानात नेऊन बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून घ्या. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात तर एक रात्रही थांबू नका.

रॅम, एसएसडी, पंखा साफ करणं, थर्मल पेस्ट बदलणं, विंडोज टाकणं, ही सगळी दुकानाची कामं. रॅम घेताना डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, एवढं पाहा.

मदरबोर्ड वॉरंटीबाहेर गेला असेल तर आधी मशीनचं वय मोजा. इंटेलचा आठव्या पिढीआधीचा प्रोसेसर असेल तर सहसा अधिकृतपणे विंडोज ११ चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा मशीनच्या बोर्डावर मोठी रक्कम घालू नये असं मला वाटतं. मशीन त्याहून नवीन असेल तर मात्र कंपनीचा लेखी भाव आणि चिप लेव्हलवाल्याचा भाव, दोन्ही घ्या. ग्राफिक्स चिपला नुसती गरम हवा मारून 'झालं' म्हणणाऱ्याचं काम टिकत नाही. त्यावर पैसे देऊ नका.

पायरी ५: कंपनीकडे देताना

कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. वरती दिसणारे नंबर भामट्यांचेही असतात. ते एनीडेस्क, म्हणजे दुरून तुमचं मशीन ताब्यात घेऊ देणारं सॉफ्टवेअर, टाकायला सांगतात आणि बँक खातं रिकामं करतात. नंबर कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा वॉरंटीच्या कागदावरूनच घ्या. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

तक्रार नोंदवली की केस नंबर मिळतो. तो, तारीख आणि तुम्ही काय सांगितलं, हे एका वहीत किंवा स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करून लिहा. ऑनसाइट इंजिनिअर फोनवर ठरलेला पार्ट घेऊनच येतो, म्हणून लक्षण नेमकं सांगा. 'चालत नाही' याऐवजी 'दिवा लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन काळी राहते, टीव्हीवर चित्र येतं' असं सांगा. चुकीचा पार्ट आला की आणखी आठवडा जातो.

काम झालं की इंजिनिअर ओटीपी किंवा सही मागतो. त्यावर केस बंद होते. त्याच्यासमोर मशीन दहा मिनिटं वापरून पाहा, मगच ओटीपी द्या. "सर, नंतर काही वाटलं तर फोन करा" हे मनापासून म्हटलेलं असलं तरी बंद झालेली केस पुन्हा उघडायला वेळ लागतो. तोच दोष तिसऱ्यांदा आला तर जुने सगळे केस नंबर लिहून बदली मशीन मागणारा ईमेल करा. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

तपासून 'हे फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही' असं सांगितलं, तर नुकसानीचे फोटो आणि कारण लेखी मागा. तोंडी नकार स्वीकारू नका.

पायरी ६: दुकानात देताना

दुकान कसं ओळखायचं? टेबलावर मायक्रोस्कोप, हॉट एअर मशीन आणि व्होल्टेज-करंट दाखवणारा पॉवर सप्लाय दिसला तर तिथे खरोखर बोर्डाचं काम होतं. नसेल तर तो दुसरीकडे पाठवतो. तेही चालेल, पण विचारून घ्या, "दादा, काम इथेच करता की बाहेर पाठवता?" चांगला कारागीर आधी प्रश्न विचारतो, मग तपासतो, मग भाव सांगतो. मशीन हातात घेताक्षणी 'मदरबोर्ड गेलाय' म्हणणाऱ्याकडून नमस्कार करून निघा. चेकिंगचे वेगळे पैसे मागणारा वाईट नव्हे. उलट, तपासणीचा मोबदला घेणाऱ्याला नको असलेला पार्ट गळ्यात मारायची घाई नसते.

मशीन ठेवून यायच्या आधी चारही बाजूंचे फोटो काढा, आणि रॅम व एसएसडी किती क्षमतेचे आहेत ते जॉब शीटवर, म्हणजे मशीन ठेवून घेताना दुकान देतं त्या कागदावर, लिहून घ्या. जॉब शीट छापील नसेल तर साध्या कागदावरही चालेल. मी असं लिहून घ्यायला सांगेन:

"सिरियल नंबर अमुक. तक्रार: स्क्रीन काळी, टीव्हीवर चित्र येतं. आत १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. चार्जर सोबत दिला आहे. अंदाजे खर्च इतका, त्याहून जास्त लागल्यास आधी विचारावं. डेटा पुसू नये. जुना पार्ट परत द्यावा."

याखाली तारीख, दोघांच्या सह्या. यात अविश्वास नाही. चांगल्या दुकानदारालाही हे आवडतं, कारण वाद झाला तर त्याचंही संरक्षण होतं.

पासवर्ड देऊ नका. स्क्रीन, बॅटरी, हिंज, कीबोर्ड यांच्या कामाला तुमच्या खात्यात शिरायची गरज नसते. विंडोजमध्ये जाऊन तपासायचंच असेल तर एक वेगळं साधं खातं करून द्या. बँकेचे आणि ईमेलचे साठवलेले पासवर्ड ब्राउझरमधून आधी काढून टाका. बायकांनी आणि मुलींनी याबाबतीत अजिबात भीड ठेवू नये.

पार्ट कोणता बसणार हेही विचारा: कंपनीचा नवा, दुसऱ्या बनावटीचा, की जुन्या मशीनमधून काढलेला. जुना पार्ट वाईटच असतो असं नाही. बोर्ड किंवा झाकण जुन्या मशीनमधलं चालतं, बॅटरी मात्र कधीही जुनी घेऊ नका. कामाची वॉरंटी किती, हे बिलावरच लिहून घ्या. आणि बिल घ्याच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. 'जीएसटी लागेल मग' या वाक्याला घाबरू नका. दुरुस्तीवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि बिलाशिवाय तुम्हाला कामाची वॉरंटी मागता येत नाही.

असेम्बल केलेला पीसी आणि परदेशातून आलेला लॅपटॉप

असेम्बल केलेल्या पीसीला एकच अशी वॉरंटी नसते. प्रत्येक पार्टची वेगळी असते: इंटेलच्या सीलबंद खोक्यातल्या प्रोसेसरला सहसा तीन वर्षं, एसएसडीला तीन किंवा पाच, आणि एसएसडीवर ठरावीक डेटा लिहून झाला तर त्याआधीही संपते. म्हणून इथे पहिलं काम दुकानाचंच: कोणता पार्ट खराब आहे ते शोधणं. मग तो पार्ट आरएमएला, म्हणजे कंपनीच्या सर्व्हिस भागीदाराकडे बदलायला जातो. बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घेतला असेल तर दुकान बंद पडलं तरी तुम्ही स्वतः हा दावा करू शकता. खोकी फेकू नका.

अमेरिकेतल्या दादा-वहिनींनी आणलेला लॅपटॉप असेल तर भारतात वॉरंटी चालते का, हे मॉडेलवर अवलंबून असतं. मॅकची वर्षभराची वॉरंटी साधारणपणे इथेही मानली जाते. डेलच्या मशीनची मालकी आणि देश ऑनलाइन अर्ज करून बदलून घ्यावा लागतो, आणि ते बिघडायच्या आधी केलेलं बरं. त्यांच्याकडून मूळ बिल मागून घ्या.

पायरी ७: परत आल्यावर, आणि नाहीच जमलं तर

मशीन हातात आल्यावर दुकानातच चालू करा. रॅम आणि एसएसडी जॉब शीटशी जुळतात का पाहा. प्रत्येक कळ, दोन्ही बाजूंचे यूएसबी, कॅमेरा, स्पीकर, वायफाय, चार्जिंग तपासा. दुरुस्तीत न बदललेली एखादी वस्तू बंद पडलेली असते, आणि ती घरी जाऊन कळली तर वाद होतो.

काम बिघडलं, पैसे जास्त घेतले किंवा कंपनी वॉरंटी नाकारते, अशी वेळ आली तर आधी लेखी तक्रार त्यांनाच द्या आणि उत्तराला मुदत द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं, आणि पुष्कळ प्रकरणं याच टप्प्यावर मिटतात. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं मुख्यालय बंगळुरूला असलं तरीही. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि अर्ज ऑनलाइनही भरता येतो. दोन वर्षांच्या आत मात्र करायला हवा. तिथे चालतात ते कागद: बिल, केस नंबर, जॉब शीट, ईमेल आणि फोटो.